फाळक्यापाशी अडलेला घोडा

१८३६ साली इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरला सेंट लेजर ही मानाची शर्यत व्हायची होती आणि लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांचा एलिस हा घोडा अजून दूर दक्षिणेत, गुडवुडच्या पागेतच होता. शर्यतीचे घोडे त्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जात आणि एवढ्या लांबच्या मजलेला पंधरवडा सहज लागे. शर्यत तोंडावर आली तरी घोडा हलला नाही, हे कळल्यावर सट्टेवाल्यांनी एलिसला मोडीत काढलं. बेंटिंक यांनी मात्र आतून गाद्या लावलेली एक बंदिस्त गाडी मुद्दाम बनवून घेतली होती. ती ओढायला दुसरे घोडे जुंपले, सुमारे अडीचशे मैलांचं अंतर तीन दिवसांत काटलं आणि ताजातवाना एलिस शर्यत जिंकला. ही हकिकत सांगताना लोक सट्ट्याचा भाग रंगवून सांगतात. घोडा पाळणाऱ्याच्या उपयोगाचे तपशील वेगळेच आहेत. गाडीच्या भिंतींना मऊ अस्तर होतं, आणि एलिस एकटा नव्हता. ड्रमर नावाचा त्याच्याच पागेतला घोडा त्याच्या सोबतीला होता. घोड्याला प्रवासात काय सोसतं आणि काय सोसत नाही, यावर पुढे जे संशोधन झालं, त्यातल्या काही गोष्टी या पहिल्याच गाजलेल्या प्रवासात होत्या.

आपल्याकडेही घोडे चाकांवर फिरतात, आणि बरेच फिरतात. शर्यतीचे घोडे पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला, असे हंगामाप्रमाणे खास बांधणीच्या गाड्यांतून घाट चढत-उतरत असतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तेव्हा राजस्थान, गुजरात, पंजाबकडून मारवाडी आणि काठियावाडी जनावरं ट्रकमधून येतात आणि विकली गेली की नव्या मालकाच्या टेम्पोतून निघतात. वरातीची घोडी लग्नसराईत पिकअपमधून एका गावातून दुसऱ्या गावात जाते. शर्यतीच्या घोड्यांना प्रवासाची सवय लहान वयात लागते. बाकीच्यांच्या बाबतीत चित्र ठरलेलं असतं. निघायची वेळ झालेली, घोडा फाळक्यापाशी येऊन चारही पाय रोवून उभा. एक जण मोरकीची दोरी ओढतो, दोघे पुट्ठ्यामागून दोर आडवा लावून रेटतात, चौथ्याच्या हातात काठी. मग ‘हट्टी आहे’, ‘नाटकं करतो’, ‘याला खोडच आहे’ अशी विशेषणं सुरू होतात. पण खोड तिथे नसते. घोडा घाबरलेला असतो आणि जे त्याच्याकडून मागितलं जातंय ते त्याला कधी कुणी शिकवलेलं नसतं. गाडीत चढणं हा स्वारी किंवा टांग्याइतकाच स्वतंत्र धडा आहे, आणि जिथे कुठेही जायचं नाही अशाच दिवशी तो शिकवता येतो. ऐन निघण्याच्या वेळी जबरदस्तीने चढवलेला घोडा त्या दिवसापुरता चढतो, पण पुढच्या प्रत्येक वेळेचं काम अवघड करून ठेवतो.

भीती कशाची, हे समजायला घोड्याच्या शरीराकडे बघावं लागतं. हे पळून जीव वाचवणारं जनावर. शिंगं नाहीत, नख्या नाहीत. मोकळं रान आणि वेग एवढाच त्याचा बचाव. माणसाने त्याला दावणीला बांधून हजारो वर्षं झाली तरी ही वृत्ती गेलेली नाही. गाडीचा हौदा म्हणजे पळायची प्रत्येक वाट बंद असलेली जागा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याच्या नजरेत असतो, पण कपाळाच्या थेट समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा दिसत नाही. मागे उभं राहून हाकारे घालणारी माणसं त्याला दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. भर उन्हात उभं राहून गाडीत पाहिलं तर त्याला आत नुसता अंधार दिसतो. त्यात फळीवर पहिली टाप पडते, खालून पोकळ आवाज येतो आणि फळी थोडी दबते. पायाखालची जमीन भरवशाची नाही, असा निरोप त्याला मिळाला की तो मागे सरतो. त्याच्या जागी हेच शहाणपणाचं आहे.

चढण्याची भीती ही पुष्कळदा मागच्या प्रवासाची आठवण असते. घोडा चालत्या गाडीत सगळा वेळ उभा असतो आणि दर ब्रेकला, दर वळणाला तोल सांभाळत असतो. एसटीत दांडी न धरता उभ्याने घाट उतरणाऱ्या माणसाची जी गत होते, तीच त्याची तासन्‌तास होत असते. त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे अचानक ब्रेक लागला की तो सगळा छातीवर आणि डोक्यावर येतो. तोल सावरायला त्याला पाय फाकवून उभं राहावं लागतं. मधली आडभिंत थेट तळापर्यंत असेल किंवा जागा अंगाबरोबर असेल तर ते जमत नाही आणि तो भिंतीवर आदळतो. अशा एका प्रवासानंतर त्याने पुढच्या वेळी फाळक्यापाशी थांबणं स्वाभाविकच आहे. म्हणून घोड्याला प्रवासाची सवय लावायची तर शिक्षणाचा निम्मा भाग गाडी चालवणाऱ्याचा असतो. वळणापूर्वी बरंच आधी वेग कमी करणं, ब्रेक हळूहळू दाबणं, वळण पूर्ण संपेपर्यंत वेग न वाढवणं, आणि रिकाम्या गाडीत मागे स्वतः उभं राहून एकदा हे अनुभवणं. शिकवणाऱ्याने महिनाभरात कमावलेला विश्वास बेफाम ड्रायव्हर एका घाटात घालवू शकतो.

आता जबरदस्तीचं बघू. घोड्याला आपण जे काही शिकवतो त्यातलं बरंचसं दाब आणि सुटका यांवर चालतं. दोरी ताणली की दाब, पाऊल पुढे टाकलं की दोरी सैल. दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी आपण काय करत होतो, ते घोडा पक्कं लक्षात ठेवतो. गाडीपाशी हाच नियम उलटा फिरतो. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की दोरी धरणारा घाबरून ती सोडतो. म्हणजे उभं राहिलं की सुटका, हा धडा पक्का. उलट त्याने धीर करून एक पाय फळीवर ठेवला की ‘चढला, चढला’ म्हणत मागची माणसं दुप्पट जोराने रेटतात. म्हणजे पाऊल टाकलं की त्रास वाढतो, हाही धडा पक्का. दोन्ही धडे माणसानेच दिलेले, आणि दोष मात्र घोड्याच्या माथी. काठीने तो कधीतरी आत जातोही, पण तेव्हा त्याला बाहेरची भीती आतल्या भीतीपेक्षा मोठी वाटलेली असते एवढंच. आतली भीती तशीच असते, आणि फाळका उघडला की मागे न बघता तो बाहेर झेप घेतो. घोड्यांच्या आणि माणसांच्या कितीतरी दुखापती या चढ-उताराच्या वेळीच होतात.

हे नुसतं तर्कावर उभं नाही. अमेरिकेत २००१ साली फर्ग्युसन आणि रोझालेस-रुईझ या संशोधकांनी गाडीत चढायला अडणाऱ्या पाच घोड्या घेतल्या. आधी त्यांच्यावर चाबूक आणि दोरांचे प्रयोग होऊन गेले होते. या दोघांनी त्यांना एका वस्तूला नाक लावायला शिकवलं. नाक लागलं की ठरलेला टिक्‌ असा आवाज आणि लगेच खाऊ. मग ती वस्तू थोडी थोडी करत गाडीच्या दिशेने, फळीवर आणि शेवटी आत नेली. घोड्या चढू लागल्या. मान झटकणं, वळणं, मागच्या पायांवर उभं राहणं थांबलं. आणि पुढे वेगळा माणूस, वेगळी गाडी असतानाही त्या चढल्या. २०११ साली डेन्मार्कमध्ये बारा घोड्यांवर दुसरा प्रयोग झाला. काहींना खाऊ देऊन, काहींना दाब आणि सुटका या पद्धतीने शिकवलं. बारांपैकी दहा घोडे शिकले, म्हणजे दोन्ही पद्धती चालतात. पण खाऊच्या पद्धतीत अस्वस्थतेच्या खुणा कमी दिसल्या आणि शिकवणीला वेळही कमी लागला. यातून एखादी पद्धत पवित्र ठरत नाही. पण घोड्याने स्वतः पाऊल टाकावं आणि त्याला त्याचं फळ तत्काळ मिळावं, एवढं मात्र दोन्हींत समान आहे.

प्रत्यक्षात हे असं करायचं. सुरुवात गाडीपासून दूर करावी. मोरकी आणि लांब दोरी घेऊन मोकळ्या जागेत घोड्याने हलक्या इशाऱ्यावर एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे टाकायला शिकावं. जमिनीवर प्लायवूडची जाड फळी टाकून तिच्यावरून त्याला चालवावं, म्हणजे पोकळ आवाजाची ओळख होते. मग गाडी सपाट आणि शांत जागी लावावी. ओढायचा ट्रेलर असेल तर तो गाडीला जोडलेलाच हवा, नाहीतर वजन पडताच उलटतो. टेम्पो असेल तर तो बांधाला किंवा उंचवट्याला पाठ करून लावावा, म्हणजे पायरी लहान होते. दारं, खिडक्या, आडभिंत सगळं उघडं ठेवून आत उजेड येऊ द्यावा आणि तळावर रबरी मॅट आणि भुसा किंवा काड टाकावं. घोडा जिथे थांबेल तिथे थांबावं, पण त्याचं तोंड गाडीकडेच ठेवावं. तो मान खाली घालून फळी हुंगतो, जोरात फुर्रकन श्वास सोडतो, ओठ चघळतो. या सैल पडण्याच्या खुणा. एक पाय फळीवर पडला की दोरी सैल, मानेवर हात, मूठभर चंदी, आणि लगेच आपणच त्याला मागे घ्यावं. त्याला मागे यावंसं वाटण्याआधी आपण मागे घेतलं, तर आत जाणं म्हणजे अडकणं नव्हे हे त्याला कळतं. एक पाय, दोन पाय, चारही पाय. आणि प्रत्येक टप्प्यावर मागे पावलं टाकत शांतपणे उतरणं. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच व्हायला हवा. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, नाकपुड्या ताणल्या, शेपूट घट्ट दाबली गेली, पातळ लीद पडली, तर आपण घाई केली असं समजून एक टप्पा मागे यावं आणि जमलेल्या गोष्टीवर धडा संपवावा.

घोडा आत शांत उभा राहून चारा खाऊ लागला की पुढचा भाग येतो, आणि इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी मागचा आडवा दांडा किंवा फाळका लावायचा आणि मगच डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं आणि मगच मागचं उघडायचं. मागची बाजू उघडी असताना डोकं बांधलेलं असेल, तर घोडा मागे सरतो, दोरीचा हिसका बसतो आणि भेदरून तो जिवाच्या आकांताने खेचू लागतो. मानेच्या जबर दुखापती अशाच होतात. दोरी कधीही हाताला गुंडाळू नये, हातमोजे घालावेत, आणि थेट पुढे किंवा थेट मागे अशा जागी उभं राहू नये जिथून निसटायला वाट नाही. त्यानंतर इंजिन चालू करून नुसतं उभं राहणं, मग वस्तीला एक फेरी, मग गावाबाहेरची छोटी चक्कर, आणि परत आल्यावर तीच ओळखीची पागा आणि तोच तोबरा. पहिल्या फेऱ्यांना एखादा शांत, सरावलेला घोडा सोबत असेल तर उत्तम. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००९ साली केलेल्या अभ्यासात घोडे एकटे, सोबत्याबरोबर आणि गाडीत बसवलेल्या आरशासह असे नेऊन पाहिले. सोबती असताना ते सर्वांत शांत होते, आणि नुसत्या आरशानेही एकटेपणाचा ताण कमी झाला. एलिसबरोबर ड्रमरला पाठवणारा माणूस अडाणी नव्हता.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. टेम्पोचं भाडं चालू असताना कुणाला एवढी सवड आहे, असं घोडेवाले विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. पण रोज दहा-पंधरा मिनिटांचे धडे काही आठवडे, हा हिशेब एकदाच करायचा असतो. न शिकलेला घोडा प्रत्येक फेरीला अर्धा-पाऊण तास आणि चार माणसं खातो, आणि एखाद्या दिवशी पाय मोडून घेतो. गाडी स्वतःची नसेल तरी फळीवरून चालणं, अरुंद बोळातून जाणं, मागे पावलं टाकणं यांचा सराव घरीच होतो आणि तेच शिक्षणाचं मोठं काम असतं. दुसरा आक्षेप लाडाचा: खाऊ दाखवून चढवलेला घोडा उद्या खाऊशिवाय हलणार नाही. खाऊ आधी दाखवून भुलवलं आणि आत जाताच धाडकन दार लावलं, तर हा आक्षेप खरा ठरतो. दुसऱ्यांदा तो फसत नाही. पाऊल टाकल्यानंतर दिलेला खाऊ ही मजुरी आहे, आणि सवय पक्की झाल्यावर ती कधीमधी दिली तरी पुरते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: बापजाद्यांनी दोर लावूनच घोडे चढवले आणि ते कामाला आलेच की. आले, कारण प्रवास क्वचित होते आणि चढवण्यात जायबंदी झालेल्या जनावरांची मोजदाद कुणी ठेवली नाही. जे टिकले तेवढेच डोळ्यांसमोर राहिले.

मग इंजेक्शन का देऊ नये? शामक औषध हा पशुवैद्यकाच्या अखत्यारीतला विषय आहे आणि आणीबाणीत, जखमी घोडा हलवताना, त्याला पर्याय नसतो. पण ज्या प्राण्याला पूर्ण प्रवास तोल सांभाळत उभं राहायचंय त्याचे पाय सैल करून त्याला हलत्या गाडीत घालणं हे स्वतःच जोखमीचं आहे. घोड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या काही शामकांनी रक्तदाबही उतरतो. शिवाय गुंगीत घोडा काही शिकत नाही. पुढच्या वेळी तो त्याच जागी, त्याच भीतीसह उभा असतो. डोळे बांधून चढवण्याची युक्तीही अशीच. न दिसणाऱ्या जागेत ढकललेला घोडा आत गेल्यावर पट्टी काढताच पुन्हा तिथूनच सुरुवात करतो.

एक शंका मात्र मान्यच करायला हवी. मुकाट उभा असलेला घोडा निश्चिंत असतोच असं नाही. युरोपात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कधीच प्रवास न केलेल्या तरुण घोड्यांना पुन्हा पुन्हा गाडीतून नेलं. फेऱ्या वाढल्या तसा ताणाशी निगडित कॉर्टिसॉल या द्रव्याचा चढ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे सवयीने भीती घटते, शरीरावरचा भार उरतोच. म्हणून शिकवलेला घोडाही लांब पल्ल्याला काळजीनेच न्यायला हवा. घोडा मान खाली घालतो तेव्हा श्वासनळीतली घाण बाहेर पडते. डोकं तासन्‌तास उंच बांधून ठेवलं तर जंतू खालच्या श्वासमार्गात साठतात, हे ऑस्ट्रेलियात १९९० सालीच दाखवून दिलं गेलं आहे, आणि लांबच्या प्रवासानंतर होणारा फुप्फुसांचा जीवघेणा आजार त्यातूनच उद्भवतो. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून मान खाली घालू देणं, पाणी दाखवणं, हवा खेळती ठेवणं आणि पोहोचल्यावर काही दिवस ताप मोजणं, हे लाड नव्हेत. ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरांना बोलवावं. आपला कायदाही याच दिशेचा आहे. प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. बाजूंना गाद्या, न घसरणारा तळ, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू, एका गाडीत चार ते सहाच जनावरं, रहदारी अंगावर येऊ नये म्हणून तोंडं डावीकडे, बरोबर एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. महामार्गावर हा वेग कुणी पाळताना दिसत नाही, पण नियम करणाऱ्यांना घोड्याच्या पायांवर काय बेततं याची जाण होती, एवढं त्यातून दिसतं.

घोडा घेणाऱ्यांनी या हिवाळ्यात बाजारात एक प्रश्न जास्तीचा विचारावा. दात बघता, चाल बघता, अंगावरचे भोवरे बघता, तसं विकणाऱ्याला म्हणा, ‘हा गाडीत चढवून आणि उतरवून दाखवा.’ दोरी सैल ठेवून चढणाऱ्या घोड्याला दोन पैसे जास्त मिळू लागले, तर शिंगरं लहान असतानाच त्यांना फळीवरून चालवायला मालक आपणहून शिकवतील. आणि आधीच घेतलेला घोडा अडत असेल, तर प्रवासाची तारीख ठरण्याची वाट बघू नका. गाडी उद्या लावा, फाळका उघडा ठेवा आणि कुठेही जाऊ नका.